कर्नलच्या मेमरी व्यवस्थापनातील रेस कंडिशन 'दुरुस्त झाली' असे केव्हा म्हणावे?

पेजटेबल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

लिनक्स कर्नलच्या 'एमएम' विभागातले, म्हणजे मेमरी व्यवस्थापनाचे, जुने पॅच वाचताना एक प्रश्न वारंवार समोर येतो आणि त्यावर येथील जाणकारांशी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. रेस (समांतर कामांपैकी कोण आधी पोहोचते यावर निकाल अवलंबून राहण्याचा दोष) सापडते, पॅच (कोडमधला दुरुस्तीचा बदल) येतो, आणि काही वर्षांनी तोच दोष निराळ्या दाराने पुन्हा आत शिरतो. मग पहिल्या वेळी नेमके काय दुरुस्त झाले होते?

माझ्यासमोरचे ठळक उदाहरण 'डर्टी काऊ'चे आहे, म्हणजेच सीव्हीई-२०१६-५१९५ (सीव्हीई हा सुरक्षेतील दोषांचा जाहीर नोंदक्रमांक). ज्या फाइलवर लिहिण्याचा अधिकार नाही, तिच्यावर कोणताही साधा वापरकर्ता या रेसच्या आधारे लिहू शकत होता आणि त्या वाटेने रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ शकत होता. दोष २००७ च्या २.६.२२ पासूनच्या कर्नलमध्ये होता आणि तो ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला. परंतु त्या दुरुस्तीचा कमिट संदेश (बदलासोबत लिहिलेली नोंद) वाचला की कथा आणखी मागे जाते. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यात नोंदवले आहे की हा दोष दूर करण्याचा प्रयत्न त्यांनी स्वतः अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे २००५ मध्ये, केला होता. मात्र आयबीएमच्या एस३९० या आर्किटेक्चरवर त्यामुळे अडचणी आल्या आणि तो बदल मागे घ्यावा लागला. त्या काळी ही रेस केवळ तात्त्विक वाटत होती. पुढे मेमरी व्यवस्थापन अनेक कोअरवर अधिक समांतर चालू लागले आणि तीच रेस घडवून आणणे सोपे झाले.

माझे मत असे आहे की, रेसची फट बुजवणे आणि रेस दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. कोणती गोष्ट कोणत्या लॉकखाली (इतरांना तेवढ्यापुरते रोखणाऱ्या कुलपाखाली) पाहिली असता तिच्यावर विश्वास ठेवता येतो आणि लॉक सोडल्यावर त्या विश्वासाचे काय होते, याचा नियम जोवर पॅचमध्ये स्पष्ट होत नाही, तोवर दुरुस्ती अर्धीच राहते. आपणांस काय वाटते?

गणकविद्यार्थी

धागा आवडला. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय सध्या अभ्यासक्रमात आहे, पण पुस्तकातली रेस म्हणजे दोन थ्रेड एकच काउंटर वाढवतात, एवढ्यावरच थांबते. डर्टी काऊमध्ये नेमके काय कोणाच्या पुढे धावत होते, हे पायरीपायरीने सांगता येईल का?

पेजटेबल

@गणकविद्यार्थी, अवश्य. हे सावकाश पाहण्यासारखे आहे.

रूटच्या मालकीची, आपल्याला फक्त वाचता येणारी एक फाइल आपण एममॅपने 'प्रायव्हेट' पद्धतीने मेमरीत जोडली आहे असे समजा. प्रायव्हेट याचा अर्थ, कोणी लिहू पाहिल्यास कर्नलने मूळ पेजची (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याची) खासगी प्रत करून द्यावी आणि लेखन त्या प्रतीवर व्हावे. हेच कॉपी-ऑन-राइट, थोडक्यात 'काऊ'. आता पहिला थ्रेड प्रोक-सेल्फ-मेम या फाइलच्या मार्गाने त्या पत्त्यावर लिहितो. डिबगरला केवळ-वाचनीय पेजवर ब्रेकपॉइंट घालता यावा, अशासाठी या मार्गाने सक्तीचे लेखन करता येते. त्यात अधिकाराचे उल्लंघन होत नाही, कारण ते लेखन खासगी प्रतीवरच व्हायचे असते.

कर्नल 'गेट-यूजर-पेजेस' या फंक्शनमध्ये शिरतो. पेज टेबलमध्ये (कोणता पत्ता कोणत्या पेजवर जातो याच्या तक्त्यात) नोंद नाही, म्हणून पेज फॉल्ट (नोंद वा परवानगी नसल्याने होणारी अडवणूक) हाताळला जातो आणि खासगी प्रत तयार होते. मेमरीचा तो भाग केवळ-वाचनीय असल्याने प्रतीच्या नोंदीवरही लेखनाची परवानगी दिली जात नाही. फंक्शन पुन्हा पाहते, तर प्रत आहे पण परवानगी नाही. पुन्हा फॉल्ट, आणि या वेळी उत्तर मिळते की प्रत आधीच झालेली आहे. मग कर्नल विचार करतो की प्रत तर तयार आहे, आता 'लिहायचे आहे' हा फ्लॅग काढून टाकू आणि पेज नुसतेच मागू. येथे घात होतो.

फ्लॅग काढल्यानंतर आणि पेज पुन्हा शोधण्यापूर्वी दुसरा थ्रेड एमअ‍ॅडव्हाइज या सिस्टिम कॉलने 'डोंट-नीड' सांगतो, म्हणजे ही मेमरी मला आता नको. कर्नल खासगी प्रत टाकून देतो. पहिला थ्रेड पुढे सरकतो, नोंद पुन्हा रिकामी दिसते, पुन्हा फॉल्ट होतो. पण आता मागणी वाचनाची आहे, म्हणून प्रत करण्याचे कारणच उरलेले नाही आणि पेज कॅशेतले (फाइलचा मजकूर मेमरीत ठेवण्याच्या सामायिक जागेतले) मूळ पेज हाती येते. लेखन त्याच्यावर होते. मूळ फाइल बदलते.

यातली प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर बरोबर आहे. प्रत झाली आहे हा निष्कर्ष तो काढला त्या क्षणी खरा होता. तो वापरला गेला तेव्हा खोटा झालेला होता.

रात्रपाळी

विषय महत्त्वाचा आहे, परंतु धागाकर्त्यांच्या मताशी मी पूर्णतः सहमत नाही.

मी पुण्यात एम्बेडेड क्षेत्रात काम करतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ही बातमी आली तेव्हा आमच्याकडे ३.१० मालिकेवर आधारलेला, चिप विकणाऱ्या कंपनीने स्वतःचे असंख्य बदल घालून दिलेला कर्नल होता आणि त्यावर चालणारी उपकरणे आधीच बाजारात गेलेली होती. त्या चिप कंपनीकडून दुरुस्ती येण्याची चिन्हे दिसत नव्हती. अशा वेळी हाती लागतो तो पॅच लहान असावा, वाचून कळावा आणि जुन्या कर्नलवर बसावा, एवढीच अपेक्षा असते. टोरवाल्ड्स यांचा पॅच अगदी तसा होता. 'लिहायचे आहे' हा फ्लॅग काढून टाकण्याऐवजी 'फोल-काऊ' नावाचा एक नवा फ्लॅग लावला, आणि पेजची नोंद स्वीकारताना एक अट घातली की एक तर लेखनाची परवानगी हवी, किंवा सक्तीचे लेखन आणि फोल-काऊ हे दोन्ही फ्लॅग असून नोंदीवर डर्टी बिटही लागलेला हवा. मूळ फाइलचे नुकतेच वाचलेले पेज डर्टी नसते, म्हणून ते नाकारले जाते आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

नियम शोधून, लिहून, सर्वांची संमती मिळवून मग पॅच काढायचा म्हटले असते, तर मधल्या काळात त्या उपकरणांच्या ग्राहकांनी काय करायचे होते? फट बुजवणे हे कमी प्रतीचे काम आहे असा सूर निघू नये, एवढेच म्हणणे आहे.

बैठाबिट

@रात्रपाळी, पॅच लहान होता आणि तसाच हवा होता, हे मान्य. पण तुम्ही ज्या अटीचे वर्णन केले आहे, तिच्यातच धागाकर्त्यांच्या मुद्द्याचा पुरावा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

'नोंदीवर डर्टी बिट आहे, त्याअर्थी हे पेज म्हणजे मी केलेली खासगी प्रतच आहे' हा निष्कर्ष २०१६ मध्ये व्यवहारात खरा होता. पण डर्टी बिटाचे काम ते नव्हे. पेजमध्ये लेखन झाले आहे, ते टाकून देण्यापूर्वी जतन करायला हवे, एवढेच तो बिट सांगतो. एस३९० वर तर पूर्वी हा बिट पेज टेबलच्या नोंदीत नव्हताच; तो प्रत्यक्ष पेजच्या स्टोरेज कीमध्ये असे. तेथे सॉफ्टवेअरने डर्टी बिट ठेवण्याची सोय कर्नलच्या ३.९ आवृत्तीत झाली, आणि म्हणूनच २०१६ चा पॅच शक्य झाला. म्हणजे दुसऱ्या कामासाठी ठेवलेली खूण येथे साक्षीदार म्हणून उभी केली गेली.

पुढे काय झाले ते पाहा. हीच अट जानेवारी २०१७ मध्ये मोठ्या पेजेसच्या, म्हणजे ट्रान्सपरंट ह्यूज पेजच्या, मार्गातही घातली गेली. त्या मार्गात पेज 'वापरले गेले' अशी नोंद करणारे एक लहानसे फंक्शन होते आणि ते लेखन असो वा नसो, डर्टी बिट लावून मोकळे होत असे. तोवर त्याने कोणाचे काही बिघडलेले नव्हते. पण नव्या अटीच्या शेजारी आल्यावर तेच फंक्शन खोटी साक्ष देऊ लागले, आणि सर्व प्रक्रियांना सामायिक असलेल्या, शून्यांनी भरलेल्या मोठ्या पेजवर लिहिणे शक्य झाले. हा दोष 'ह्यूज डर्टी काऊ' या नावाने, सीव्हीई-२०१७-१०००४०५ म्हणून, नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला. दुरुस्ती अशी की खरोखर लेखन असेल तरच डर्टी बिट लावायचा.

एवढ्यावरही संपले नाही. ५.१६ मध्ये यूजरफॉल्टएफडीच्या (पेज फॉल्ट प्रोग्रॅमलाच हाताळू देणाऱ्या सोयीच्या) संबंधात एक बदल आला आणि शेअर्ड मेमरीचे पेज त्या मार्गाने जोडताना नोंदीवर डर्टी बिट बिनशर्त लावला जाऊ लागला. तो बदल करणाऱ्याच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नव्हते. परंतु २०१६ च्या अटीचा आधार त्याने पुन्हा काढून घेतला आणि टीएमपीएफएस या मेमरीतच राहणाऱ्या फाइल सिस्टिमवरील फाइलींसाठी डर्टी काऊ परत जिवंत झाला: सीव्हीई-२०२२-२५९०.

अखेर ६.० मध्ये डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी फोल-काऊ हा फ्लॅगच काढून टाकला. त्याआधी ५.१९ मध्ये त्यांनीच 'पेज-अ‍ॅनन-एक्स्क्लुझिव्ह' ही खूण आणली होती. हे अनामिक (कोणत्याही फाइलचे नसलेले) पेज केवळ याच प्रक्रियेचे आहे, एवढे आणि एवढेच ती सांगते. आता सक्तीच्या लेखनाच्या वेळी कर्नल विचारतो की पेज अनामिक आहे का आणि एकट्याचे आहे का. जो प्रश्न आहे, तोच थेट विचारला जातो. माझ्या मते २००५ मध्ये सुरू झालेली दुरुस्ती २०२२ मध्ये पूर्ण झाली.

तिसरीघंटा

बैठाबिट यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. एक भाबडा प्रश्न: गेट-यूजर-पेजेस चालू असताना संपूर्ण अ‍ॅड्रेस स्पेसवर एकच लॉक घेऊन ठेवले असते, तर एमअ‍ॅडव्हाइजला मध्ये शिरताच आले नसते. तसे का केले नाही?

कुलूपकिल्ली

@तिसरीघंटा, प्रश्न भाबडा नाही. लॉक होतेच! एमएमॅप-सेम, ज्याला ५.८ पासून एमएमॅप-लॉक म्हणतात, ते दोन्ही थ्रेडनी घेतलेले होते. मात्र दोघांनीही ते वाचकांसाठीच्या प्रकारात घेतलेले होते. डोंट-नीड हा मेमरीच्या भागांची रचना बदलत नाही, त्यातील पेजेस तेवढी टाकून देतो, म्हणून त्याला वाचकाचे लॉक पुरते. आणि पेज फॉल्टलाही तेच पुरते. दोन वाचक एकत्र आत असू शकतात, किंबहुना त्यासाठीच ते लॉक तसे आहे.

'मग लेखकाचे लॉक घ्या' असे म्हणणे सोपे आहे, पण शेकडो थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पेज फॉल्ट एकामागून एक रांगेत उभा राहिला तर यंत्र रांगू लागेल. उलट, वाचकांचे लॉकसुद्धा जड वाटू लागले, म्हणून सुरेन बाघदासरयान यांच्या पॅचमालिकेतून ६.४ मध्ये मेमरीच्या प्रत्येक भागासाठी, म्हणजे प्रत्येक व्हीएमएसाठी, स्वतंत्र लॉक आले. त्यामुळे बहुतेक पेज फॉल्ट एमएमॅप-लॉकला स्पर्शही न करता पार पडतात.

आणि तेथेही लगेच रेस निघाली. फोर्क होताना, म्हणजे एका प्रक्रियेतून दुसरी निर्माण होताना, पालक प्रक्रियेची पेजेस मुलाबरोबर सामायिक होतात आणि पालकाच्या नोंदींवरील लेखनाची परवानगी काढली जाते. हे काम एमएमॅप-लॉकच्या लेखक प्रकाराखाली चालते, आणि ते लॉक हाती असले की एकही पेज फॉल्ट चालू नाही, हे वर्षानुवर्षे गृहीत होते. नव्या व्यवस्थेत पेज फॉल्ट त्या लॉककडे पाहतच नव्हते. फोर्क नोंदींची नक्कल करत असताना पालकाचा दुसरा थ्रेड फॉल्ट हाताळून त्याच नोंदी बदलू शकत होता, आणि ६.४ वापरणाऱ्यांकडून मेमरी बिघडल्याच्या तक्रारी आल्या. जुलै २०२३ मध्ये तो पर्याय काही काळ बंद करून ठेवण्यात आला आणि दुरुस्तीत फोर्कच्या वेळी पालकाचे सर्व व्हीएमए लॉक करण्याचे ठरले. लॉक कमी पडले म्हणून ही रेस आलेली नव्हती. जुन्या लॉकने दिलेली, पण कोठेही न लिहिलेली एक हमी नव्या लॉकने नकळत मोडली, आणि म्हणून ती आली.

बैठाबिट

+१. 'न लिहिलेली हमी' हाच या धाग्याचा विषय आहे.

डोंगरयात्री

त्याच उन्हाळ्यातले दुसरे उदाहरण जोडतो, कारण ते कुलूपकिल्ली यांच्या मुद्द्याचेच भावंड आहे. स्टॅकरॉट, सीव्हीई-२०२३-३२६९.

प्रक्रियेचा स्टॅक वाढतो तेव्हा त्याच्या व्हीएमएची सुरुवात खाली सरकवावी लागते. हा खरे तर रचनेतला बदल आहे आणि त्याला लेखकाचे लॉक हवे. पण स्टॅक पेज फॉल्टच्या ओघात वाढतो आणि तेथे हाती वाचकाचेच लॉक असते, म्हणून फार पूर्वीपासून येथे सूट दिलेली होती. व्हीएमए लाल-काळ्या वृक्षात होते तोवर ही सूट चालून गेली, कारण सीमा सरकली तरी वृक्षातील नोड जागचे हलत नव्हते. ६.१ मध्ये त्याच्या जागी मेपल ट्री ही दुसरी वृक्षरचना आली. त्यात बदल करताना काही वेळा जुना नोड काढून त्या जागी नवा बसवावा लागतो आणि जुना नोड आरसीयूच्या (वाचकांना न रोखता, ते बाहेर पडल्यावरच जुनी वस्तू मुक्त करण्याच्या पद्धतीच्या) मुदतीनंतर मुक्त होतो. एमएमॅप-लॉकचा वाचक आरसीयूच्या वाचकविभागात असतोच असे नाही. त्यामुळे एक थ्रेड जुन्या नोडकडे पाहत असतानाच दुसऱ्याचा स्टॅक वाढून तो नोड मुक्त होऊ शकत असे.

६.१ ते ६.४ या आवृत्त्या बाधित होत्या. दुरुस्ती मात्र मनाजोगी झाली. आणखी एक तपासणी घालण्याऐवजी ती जुनी सूटच रद्द करण्यात आली: स्टॅक वाढवायचा असेल तर आधी लेखकाचे लॉक घ्या. त्यासाठी अनेक आर्किटेक्चरच्या पेज फॉल्ट हाताळणीत हात घालावा लागला, आणि तरीही ते काम जुलै २०२३ च्या आरंभीच ६.१.३७, ६.३.११ आणि ६.४.१ मध्ये पोहोचले. @रात्रपाळी, म्हणजे नियमाची दुरुस्ती नेहमी सावकाशच होते असे नाही.

गणकविद्यार्थी

सर्वांचे आभार. पुढचा प्रश्न: अशा रेस शोधण्यासाठी साधने आहेत ना? केसीसॅन (कर्नलमधील डेटा रेस शोधणारे साधन) चालवले असते तर डर्टी काऊ आधीच सापडला नसता का?

चाचणीघर

@गणकविद्यार्थी, माझे रोजचे काम चाचण्यांचेच आहे, म्हणून उत्तर देतो. केसीसॅन ५.८ मध्ये, २०२० साली आले. ते कसे चालते ते पाहिले की त्याची मर्यादाही कळते. कंपायलर मेमरीच्या प्रत्येक वाचन-लेखनापाशी एक खुणेचा कॉल घालून ठेवतो. चालू असताना केसीसॅन अधूनमधून एखादे वाचन वा लेखन निवडते, त्या पत्त्यावर पहारा बसवते, त्या थ्रेडला क्षणभर मुद्दाम रोखून धरते आणि तेवढ्यात दुसरे कोणी त्याच पत्त्याला हात लावते का ते पाहते. लावला तर अहवालात दोन स्टॅक शेजारी छापले जातात: अमुक कोअरवर याने लिहिले, तमुक कोअरवर त्याने वाचले. पहिल्यांदा असा अहवाल वाचाल तेव्हा वरची फंक्शने सोडून खाली या आणि दोन्ही स्टॅकमध्ये कोणते लॉक घेतले गेले ते शोधा. उत्तर बहुधा तेथेच असते.

परंतु डर्टी काऊ यात सापडला नसता. तेथे पेज टेबलच्या नोंदीला जो जो हात लागत होता, तो पेज टेबलच्या लॉकखालीच लागत होता. सी भाषेच्या अर्थाने डेटा रेस तेथे नव्हतीच. पाहणे आणि करणे या दोन्ही क्रिया लॉकखाली, पण त्या दोहोंमध्ये लॉक सुटलेले. अशी रेस तर्काची असते, आणि कोणता तर्क अपेक्षित होता हे साधनाला कोणीतरी सांगावे लागते.

दुसरी एक सवय मला मनापासून खटकते. केसीसॅनने तक्रार केली की त्या जागी रीड-वन्स लावायचे, अहवाल बंद होतो, आणि पॅच पाठवून द्यायचा. रीड-वन्समुळे कंपायलर ते वाचन तोडत नाही, जोडत नाही, दुसऱ्यांदा करत नाही. ते आवश्यक असते. पण वाचलेली किंमत पुढच्या ओळीपर्यंत खरी राहील, अशी कोणतीही हमी त्यातून मिळत नाही. तक्रार थांबली म्हणजे कारण गेले असे नव्हे.

स्टॅकरॉटसारखा, मुक्त झालेल्या मेमरीला हात लावणारा दोष केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर शोधणारे साधन) पकडू शकते, पण ती घटना चाचणीत घडली तर. म्हणून सिझकॉलरसारखे, सिस्टिम कॉलची असंख्य मिश्रणे समांतर चालवणारे साधन आणि केसॅन यांची जोडी लावतात. लॉकचा क्रम चुकत असेल तर लॉकडेप ते दाखवते, प्रत्यक्ष डेडलॉक न होताही.

तिसरीघंटा

आणि ज्या रेसला नाव-गाव नाही, महिन्यातून एखाद्या वेळी एखाद्याच सर्व्हरवर दिसते, तिचे काय करायचे?

चाचणीघर

फटीचा संशय असेल तेथे उशीर घालायचा. लॉक सुटते आणि पुन्हा घेतले जाते, त्या दोहोंमध्ये काही मिलिसेकंदांचा एमडिले किंवा मायक्रोसेकंदांचा यूडिले टाकून दोन थ्रेड चक्राकार सोडायचे. जी गोष्ट महिन्याने दिसे, ती चहा होईपर्यंत दिसू लागते. संशय चुकीचा असेल तर काहीच घडत नाही, आणि तेही उपयोगाचे उत्तर आहे. मात्र पॅच लावल्यानंतर तो उशीर तसाच ठेवून पुन्हा चालवले पाहिजे. उशीर काढून घेतलेल्या चाचणीचे यश मी पुरावा म्हणून स्वीकारत नाही.

कुलूपकिल्ली

अजून एका प्रकाराचा उल्लेख राहिला आहे, ज्यात सॉफ्टवेअरमधले सर्व लॉक बरोबर असूनही रेस उरते, कारण तिसरा पक्ष हार्डवेअर असतो. प्रत्येक कोअर पेज टेबलमधील नोंदी स्वतःच्या टीएलबी या लहानशा कॅशेमध्ये साठवून ठेवतो. कर्नलने नोंद पुसली तरी त्या कोअरकडची जुनी प्रत शिल्लक असते, आणि ती साफ होईपर्यंत तो जुन्या पेजवर लिहीत राहू शकतो.

२०१८ मधला सीव्हीई-२०१८-१८२८१ हा दोष, जो यान हॉर्न यांनी शोधला, नेमका असा होता. एमरीमॅप हा सिस्टिम कॉल पेज टेबलच्या नोंदी एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलवत असे, पेज टेबलचे लॉक सोडत असे आणि त्यानंतर टीएलबी साफ करत असे. लॉक सुटल्यापासून साफसफाईपर्यंतच्या काळात दुसऱ्या थ्रेडने त्या फाइलचा आकार कमी केला, तर कर्नल नव्या पत्त्यावरची नोंद काढून, नव्या पत्त्यापुरता टीएलबी साफ करून पेज मुक्त करून टाकी. जुन्या पत्त्याची नोंद मात्र एखाद्या कोअरच्या टीएलबीत तशीच असे, आणि ते पेज एव्हाना कोणा दुसऱ्याचे झालेले असे. दुरुस्तीत ओळींचा क्रम बदलला: आधी टीएलबी साफ, मग लॉक मोकळे.

पॅच तपासताना मी म्हणूनच अनलॉकची ओळ पहिली शोधतो आणि तिच्या खाली काय उरले आहे ते वाचतो. लॉक कोठे घेतले याकडे सर्वांचे लक्ष असते. ते सोडल्यानंतरही काय खरे मानले जात आहे, याकडे फारच थोड्यांचे.

रात्रपाळी

आतापर्यंतचे सर्व प्रतिसाद वाचले. स्टॅकरॉटचे उदाहरण माझ्या युक्तिवादाला बरेच छेद देणारे आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. तरीही एक फरक नजरेआड होऊ नये. २०१६ मध्ये पेज-अ‍ॅनन-एक्स्क्लुझिव्ह उपलब्धच नव्हते. ते येण्याआधी २०२० मध्ये कॉपी-ऑन-राइटबाबत ५.८ आणि ५.९ मध्ये दोन वेगवेगळे प्रयत्न झाले, त्यांचे दुष्परिणाम दिसले, पिन केलेल्या (जागेवर धरून ठेवलेल्या) पेजेसवरून लांबलचक वाद झाले, आणि मग ती खूण सर्वांना पटली. योग्य प्रश्न थेट विचारता यावा यासाठी लागणारी माहिती मुळात पेजवर नोंदलेलीच नव्हती.

म्हणून माझी सूचना अशी की फट बुजवणारा पॅच पाठवावाच, परंतु त्यात तो कशाच्या आधारावर उभा आहे ते कोडमधील टिप्पणीतच लिहावे. 'ही अट बरोबर आहे, कारण आज डर्टी बिट अन्य कोणत्याही मार्गाने लागत नाही' एवढे एक वाक्य फोल-काऊच्या शेजारी असते आणि डर्टी बिट लावणाऱ्या ठिकाणांकडे बोट दाखवणारे असते, तर २०१७ चा आणि २०२२ चा बदल करणाऱ्यांना ते वेळीच दिसण्याची शक्यता बरीच वाढली असती.

बैठाबिट

@रात्रपाळी, ही सूचना मला पूर्ण मान्य आहे. फक्त एक जोड: ते वाक्य एकाच ठिकाणी असून पुरत नाही. ज्याने यूजरफॉल्टएफडीचा कोड बदलला, तो गेट-यूजर-पेजेसची फाइल उघडेलच असे नाही. आधार जेथे मोडू शकतो, तेथेही ते असावे. टिप्पणी वाचली जाईल याचीही खात्री नाही, म्हणून त्याच्या जोडीला चाचणी हवी. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमध्ये डर्टी काऊची चाचणी आहे आणि शेअर्ड मेमरीवरील २०२२ च्या प्रकाराची वेगळी चाचणीही आहे. कर्नलच्या स्वतःच्या सेल्फटेस्टमध्येही कॉपी-ऑन-राइटच्या अनेक वाटा तपासणाऱ्या चाचण्या हिल्डेनब्रँड यांनी घातल्या आहेत. टिप्पणीकडे दुर्लक्ष झाले, तरी चाचणी अपयशी ठरल्यावर कोणाला तरी थांबावेच लागते.

पेजटेबल

चर्चा अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे गेली, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. रात्रपाळी यांच्या आक्षेपामुळे माझ्या मूळ विधानात मी एक बदल करतो. नियम स्पष्ट झाल्याशिवाय पॅच येऊच नये, असे मी आता म्हणणार नाही. मात्र लहान पॅच आत गेल्यावर तो विषय बंद झाला असे धरले जाते आणि मूळ प्रश्न कोणाच्याच यादीत राहत नाही, हे थांबले पाहिजे. २०१६ च्या पॅचनंतर सहा वर्षे डर्टी बिटावर तो भार राहिला आणि त्या काळात तो दोनदा ढासळला.

त्यामुळे पॅच तपासताना मी एकच गोष्ट आग्रहाने मागेन. पॅच पाठवणाऱ्याने सांगावे की लॉक सोडल्यानंतर या फंक्शनला कोणती गोष्ट अजूनही खरी हवी आहे, आणि ती खरी राहील याची जबाबदारी कोणाची आहे. याचे उत्तर 'सध्या तरी ती कोणी बदलत नाही' असे असेल तर पॅच घ्यावा, पण दोषाची नोंद उघडी ठेवावी. उत्तर 'ती बदलण्यासाठी अमुक लॉक घ्यावेच लागते आणि ते न घेतल्यास लॉकडेपची तपासणी ओरडते' असे असेल, तर ती नोंद बंद करण्यास माझी हरकत नाही.

गणकविद्यार्थी

शेवटचा प्रश्न विचारतो. हे लॉकचे नियम एकत्र लिहिलेले कोठे वाचायला मिळतील? की प्रत्येकाने कोडमधूनच काढायचे?

कुलूपकिल्ली

बराच काळ कोडमधूनच काढावे लागत होते. आता परिस्थिती सुधारली आहे. ६.१३ पासून कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधील एमएम विभागात 'प्रोसेस अ‍ॅड्रेसेस' हे प्रकरण विस्ताराने लिहिले गेले आहे. लोरेन्झो स्टोक्स यांनी ते लिहिले. व्हीएमएचे कोणते फील्ड कोणत्या लॉकखाली वाचावे, कोणत्या लॉकखाली बदलावे, पेज टेबल मुक्त करताना काय काय हाती असावे लागते, हे त्यात तक्त्यांसह दिलेले आहे. त्याआधी आरमॅप डॉट सी या फाइलच्या माथ्यावरची टिप्पणी वाचा. लॉक कोणत्या क्रमाने घ्यायचे याची उतरंड तेथे मांडलेली आहे आणि ती पाठ असली की बाकीचे प्रकरण सोपे जाते. वाचताना फोर्कचा भाग आला की व्हीएमए लॉक करणारी ओळ शोधून काढा आणि ती नसती तर वर सांगितलेली घटना कोणत्या दोन पायऱ्यांच्या मध्ये घडली असती, ते स्वतः कागदावर मांडून येथे लिहा. आम्ही तपासून देऊ.